गाव नको, बसची वेळ विचारा

सुरतेच्या मेट्रोचे भूमिपूजन १८ जानेवारी २०२१ रोजी झाले आणि २१ फेब्रुवारीस महानगरपालिकेच्या १२० जागांसाठी मतदान झाले. चाळीस किलोमीटरांच्या त्या योजनेतील एक मार्ग आपल्या पर्वत पाटियाजवळील मगोबवरून सारोलीस जातो.

योजना भव्य खरी. परंतु मेट्रो बांधणे हे नगरसेवकाचे काम नव्हे. ते केंद्र व राज्य सरकारांच्या संयुक्त कंपनीकडे आहे. मग नगरसेवकास विचारावयाचे तरी काय? स्थानकापर्यंत धड पदपथ असेल काय? पहाटेच्या पाळीस निघालेल्या कामगारास बस मिळेल काय? २०१४ साली सुरू झालेली बी.आर.टी.एस. आणि शहर बस महानगरपालिकेच्याच. तेव्हा ही उत्तरे देणे तिच्या प्रतिनिधींचेच कर्तव्य होय.

उमेदवार दारी आला की आपण चहा देतो आणि ‘हा आपल्या खानदेशचा’ एवढ्यावर समाधान मानतो. आम्हां विद्यार्थ्यांना मत नाही. पण भर रहदारीत रस्ता ओलांडावा लागतो तो आम्हांलाच. म्हणून वडील मंडळींना नम्र विनंती, की पुढील निवडणुकीत उमेदवारास गाव विचारण्याआधी बसची वेळ विचारावी.