पेंढारी कुणाचे?

२६ नोव्हेंबर आला की देशाला २००८ची मुंबई आठवते. समुद्रातून आलेले दहा जण, १६६ बळी, आणि लगेच शेजारच्या सरकारचे पालुपद : या लोकांशी आमचा संबंध नाही. नागपूरकरांना ही तारीख आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवी. १८१७ साली याच संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी यांची झुंज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती संपली तेव्हा नागपूरचे स्वतंत्र राज्यही संपल्यात जमा होते. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण सीताबर्डी ज्या मोठ्या युद्धाचा भाग होती, त्याचे निमित्तही अशीच ‘कुणाचीच नसलेली’ माणसे होती. ते पेंढारी.

पेंढाऱ्यांना पगार नसे. ते मराठा सरदारांच्या फौजांबरोबर फिरत, शत्रूचा मुलूख लुटत, आणि त्या मुभेबद्दल उलट सरदारालाच पालपट्टी भरत. शिंद्यांच्या छत्राखालचे ते शिंदेशाही, होळकरांकडचे ते होळकरशाही. याहून स्वस्त सैन्य कुठले? खजिन्याला तोशीस नाही, उघड युद्ध नाही, आणि शेजाऱ्याने जाब विचारलाच तर हात वर करायला मोकळे. पुढे नर्मदाकाठी जमिनी मिळाल्यावर चित्तू, करीमखान यांच्यासारखे म्होरके स्वतःच दरबार भरवू लागले.

नागपूरचे हातही यात बरबटलेले होते, आणि हे पान आपण फार भरभर उलटतो. अठराव्या शतकाच्या अखेरीची ही हकिगत माल्कमने नोंदवली आहे. हिरू आणि बुऱ्हाण हे पेंढारी म्होरके आधी भोपाळच्या दारी गेले. नागपूरचा मुलूख लुटतो, म्हणाले. तिथल्या कारभाऱ्याने नकार दिला, तेव्हा ते नागपूरला आले. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी त्यांचे स्वागत केले आणि भोपाळचाच मुलूख उजाड करायला पाठवले. काम चोख झाले. मग लूट घेऊन परतलेल्यांची छावणी रघूजींनी वेढून लुटली. बुऱ्हाण कैदेत मेला, हिरू शिंद्यांकडे पळाला. माल्कम हा कंपनीचा माणूस, पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेत स्वतः उतरलेला. त्याच्या लिहिण्याला कंपनीचा रंग असणारच. तो वजा केला तरी उरते ते पुरेसे लाजिरवाणे आहे.

१८०३च्या देवगावच्या तहात वऱ्हाड आणि कटक गेले, रघूजींचा जोर ओसरला. १८११ साली पेंढारी थेट नागपुरावर आले आणि शहराबाहेरची एक वस्ती जाळून गेले. या भागातल्या खेड्यांतल्या पुष्कळशा गढ्या याच धामधुमीत बांधल्या गेल्या. स्वारी आली की कुणबी पोराबाळांसह आत शिरायचा. बाहेरचे घर, गुरे, पीक गेले असे धरूनच. भोपाळच्या रयतेने जे भोगले तेच आता नागपूरच्या रयतेच्या वाट्याला आले होते, आणि दोन्हीकडे तिला कुणी विचारले नव्हते.

‘आमचे नाहीत’ हे उत्तर कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या तर पथ्यावरच पडले. कुणाचेच नाहीत ना, मग बंदोबस्त आम्ही करतो, म्हणून लाखावर फौज मध्य हिंदुस्थानात उतरली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दौलतराव शिंद्यांना पेंढाऱ्यांविरुद्धच मदत देण्याच्या तहावर सही करावी लागली.

हा खेळ अजून तसाच चालू आहे. पाकिस्तानने १९४७ साली काश्मीरवर टोळीवाले घातले, पुढे अफगाणिस्तानात तालिबानला पोसले. त्याच वाणातल्या पाकिस्तानी तालिबानने डिसेंबर २०१४मध्ये पेशावरच्या शाळेत मुले मारली. आपणही फार सोवळे नाही. तमिळनाडूत आपण श्रीलंकेतल्या ज्या तमिळ वाघांना शिकवले, त्यांच्याशीच १९८७ नंतर शांतिसेनेला लढावे लागले; सुमारे १,२०० जवान गेले आणि १९९१ साली श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या घडली. यावर कुणी म्हणेल, लेबनॉनमधली हिजबुल्ला तर चाळीस वर्षे तेहरानशी इमान राखून राहिली. खरे आहे. पण युद्ध आपल्या उंबऱ्यापासून दूर राहावे म्हणून तेहरानने तिला पोसले होते. २०२४ साली तिचे नेतृत्व कापले गेले आणि जून २०२५मध्ये बॉम्ब इराणवरच पडले. मधल्या काळात लेबनॉनचे काय झाले, हे तेहरानच्या हिशेबात कुठे मांडलेले दिसत नाही.

सीताबर्डीनंतर आप्पासाहेब कंपनीच्या कैदेतून निसटून सातपुड्यात शिरले, तेव्हा चित्तू त्यांना येऊन मिळाला. असीरगडाने आप्पासाहेबांना आत घेतले. चित्तू बाहेरच राहिला आणि १८१९ साली जंगलात वाघाच्या तोंडी गेला. करीमखानाला कंपनीने गोरखपूरकडे जमीन दिली. पेंढाऱ्यांना हाताशी धरून फिरलेला होळकरांचा अमीरखान टोंकचा नबाब झाला, आणि त्याच्या वंशजांनी ती गादी १९४७ पर्यंत चालवली. आप्पासाहेब १८४० साली जोधपूरला, परक्याच्या आश्रयाला असताना वारले.