दहावीनंतर डिप्लोमा, मग पसंतीचे कॉलेज?

निकालाचा महिना आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. सासू-सुनेच्या, औषधपाण्याच्या तक्रारी मागे पडतात आणि टक्केवारी पुढे येते. या वेळी सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी उर्दू माध्यमातून दहावीला 84 टक्के घेऊन पास झाली. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचे आहे, आणि तेही पुण्याच्या सीओईपीमध्ये. मामू म्हणतात, बारावी नको, डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जा. अब्बा म्हणतात, बारावी कर, मग जवळच्या मिळेल त्या कॉलेजात नाव घालू, पुढे बदलून घेऊ. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "आमच्या घरात बारावीच्या पुढे अजून कोणी गेलेले नाही. चूक झाली तर दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत. काय करावे?"

पैशाचे ते वाक्य लक्षात ठेवूनच आम्ही लिहीत आहोत.

आधी अब्बांच्या योजनेविषयी, कारण ती आमच्याही घरात होऊन गेली आहे. थोरल्याच्या वेळी आम्ही एका खासगी कॉलेजात पहिल्या वर्षाचा प्रवेश घेतला. "एक वर्ष काढा, दुसऱ्या वर्षी बदली होते," असे तिथल्या ऑफिसात तोंडी सांगितले गेले. आम्ही विश्वास ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात तीन महिने चकरा मारल्या. ज्या कॉलेजात जायचे होते तिथे त्याच शाखेची दुसऱ्या वर्षाची जागा रिकामी हवी, दोन्ही कॉलेजांची संमती हवी, शिवाय पहिल्या वर्षाचे विषय जुळायला हवेत. नामांकित कॉलेजे बहुतेक स्वायत्त आहेत, त्यांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. आम्हाला जागाच रिकामी मिळाली नाही. मुलगा जिथे होता तिथेच राहिला. शिकला, कमावतो, अल्हम्दुलिल्लाह. पण पहिले वर्ष त्याने सामान बांधून बसलेल्या प्रवाशासारखे काढले, आणि त्याच वर्षात त्याचे दोन विषय राहिले. दोष त्याचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता. म्हणून पदवीच्या मधूनच कॉलेज बदलण्यावर कोणी घराचे बेत बांधू नयेत असे आम्हाला वाटते. एखाद्याचे जमते. ते नशीब, त्याला रस्ता म्हणता येत नाही.

मामूंचा रस्ता मात्र खरा आहे. तो नियमात लिहिलेला आहे आणि दरवर्षी हजारो मुले त्यावरून जातात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या टक्केवारीवर गुणवत्ता यादी लागते आणि राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप राउंडमधून जागा मिळते. पात्रतेला खुल्या प्रवर्गात 45 टक्के, मागासवर्गीयांना 40 टक्के पुरतात. वर्षही वाया जात नाही. दहावीनंतर दोन आणि चार मिळून सहा, तीन आणि तीन मिळूनही सहाच. "डिप्लोमा म्हणजे उशीर" असे मोहल्ल्यात कोणी म्हटले तर बोटांवर मोजून दाखवावे.

मग अडचण कुठे आहे? जागांमध्ये. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या वर दहा टक्के जागा असतात, आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळवल्या जातात. 60 जागांची तुकडी असेल तर सहा. साध्या कॉलेजात रिकाम्या जागा पुष्कळ असतात, तिथे प्रवेश सहज होतो. सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी फारशा जागा रिकाम्या राहत नाहीत. सीओईपी 1854 पासूनचे, 2022 साली त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. व्हीजेटीआय 1887 चे. साऱ्या महाराष्ट्रातली डिप्लोमाची पहिल्या फळीतली मुले या दोन नावांकडे डोळे लावून असतात. त्यात कॉम्प्युटर शाखा म्हणजे सर्वांत अरुंद दार. पात्रता 45 टक्क्यांची असली तरी तिथला कट-ऑफ नव्वदीच्या पुढेच समजून चालावे. आणि आयआयटीला तर दुसऱ्या वर्षात असे दारच नाही. तिथे जायचे तर पदवीनंतर गेट देऊन एम.टेक.ला.

म्हणून आम्ही या भगिनीला उलटा प्रश्न विचारला. सीओईपी मिळालेच नाही असे धरा. मग तीन वर्षांचा डिप्लोमा तुमच्या हातात काय ठेवील?

इथे डिप्लोमाची बाजू आम्हाला जड वाटते. बारावी सायन्स झाली आणि सीईटी बिघडली, तर हातात बारावीचे प्रमाणपत्र उरते. डिप्लोमा झाला तर ती स्वतंत्र पात्रता असते. सिव्हिलचा डिप्लोमा घेतलेली मुले सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्यात कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला बसतात, रेल्वेतही तशी पदे असतात. कारखाने मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलची मुले घेतात. घरावर संकट आले, वडिलांची तब्येत ढासळली, तर मूल तीन वर्षांनी कमवू लागते आणि पदवी नंतर करू शकते. ज्या घरात दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत, त्या घराला हे फार मोठे आहे.

पण मग कॉम्प्युटरचाच डिप्लोमा घ्यावा का? मुलीला खरोखर आवडत असेल तर घ्यावा. केवळ पुढच्या कॉलेजाकडे पाहून घेऊ नये, कारण पुढचे कॉलेज मिळाले नाही तर त्याच विषयावर पोट भरायचे आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही डिप्लोमाचे दलाल ठरू. पंधराव्या वर्षी डिप्लोमा घेणे म्हणजे बरीच दारे बंद करणे. डॉक्टर, फार्मसी, बी.एस्सी. यांचा रस्ता बारावी सायन्समधून जातो. मुलीने कालपर्यंत डॉक्टर व्हायचे म्हटले असेल आणि आज मैत्रिणीचे ऐकून कॉम्प्युटर म्हणत असेल, तर बारावीच करू द्या. दोन वर्षांत मन ठरते.

गणिताचे एक दुखणे आहे, त्याविषयी प्रवेशाच्या वेळी कोणी बोलत नाही. डिप्लोमात गणित बहुधा पहिल्या वर्षातच संपते. मग दोन वर्षे वर्कशॉप, ड्रॉइंग, प्रोजेक्ट. पदवीच्या दुसऱ्या वर्षात मूल थेट जाऊन बसते तेव्हा वर्गातली बाकीची मुले बारावीचे आणि पहिल्या वर्षाचे गणित करून आलेली असतात, आणि समोर येते गणित-3. प्रात्यक्षिकात आपली मुले त्यांना मागे टाकतात, गणितात मात्र पहिल्याच सत्रात गळतात. उपाय साधा आहे, पण तीन वर्षे आधी सुरू करायचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सुट्ट्यांत बारावीचे कॅल्क्युलस कोणा शिक्षकाकडे बसून करावे. उर्दू माध्यमाच्या मुलीला पहिल्या सत्रात इंग्रजीही अंगावर येईल. पहिल्या सत्रात एखाद्या विषयात एटीकेटी लागली म्हणून अम्मीने रडू नये आणि अब्बांनी "आम्ही म्हणतच होतो" असे म्हणू नये.

पॉलिटेक्निक कोणते? शासकीय मिळत असेल तर तेच. फी खासगीच्या मानाने फारच कमी. मिरजेला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि या भगिनीच्या गावाहून एसटीने रोज जाऊन-येऊन होण्यासारखे आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवायला अब्बांचे मन धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. डिप्लोमा संपेल तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल, तेव्हाचा निर्णय तेव्हा. पुण्याच्या आधी सांगलीतले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही पाहावे असे आम्ही सुचवले. 1947 पासूनचे, अनुदानित, स्वायत्त, आणि घराजवळ. मुलीने हे नाव यादीत धरलेच नव्हते. घराजवळचे ते कमी दर्जाचे, असा समज मुलांना कसा होतो कोण जाणे.

मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी एक ओळ. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी 51 टक्के जागा असतात. भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामच्या साबू सिद्दीकमध्ये पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेज दोन्ही आहेत.

आता कागद. मुले गुणांमुळे मागे पडतात त्याहून जास्त कागदांमुळे पडतात, असा आमचा अनुभव आहे. ही भगिनी मोमीन समाजाची, म्हणजे ओबीसीत. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते "मुस्लिम" लिहिले आहे. कितीतरी घरांत असेच आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, सगळ्यांचे दाखले "मुस्लिम" नाहीतर "शेख". ओबीसी प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी जन्म-मृत्यू नोंद, महसुली कागद, काहीतरी शोधावे लागते. त्यानंतर जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेअर. प्रवेशाच्या आठवड्यात हे होत नाही. डिप्लोमाची तीन वर्षे हाताशी आहेत, पहिल्याच वर्षी कामाला लागावे. जे ओबीसीत नाहीत त्यांनी आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र काढावे. 2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे; कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. म्हणजे दाखल्यावरचा एक शब्द आणि घरातले लाख-दीड लाख रुपये असा हा संबंध आहे. नावाचे स्पेलिंगही तपासा. आधारवर एक, दाखल्यावर एक, बँकेत तिसरे, असे असेल तर शिष्यवृत्ती अडकते.

पर्याय भरताना कॉलेजांची नावे मनातल्या आवडीच्या क्रमाने लिहावीत. "हे मिळणार नाही" म्हणून सीओईपी खाली ढकलू नये, आणि दोन नावे लिहून थांबूही नये. शेवटचे नाव असे असावे की ते मिळाले तर घरात सुतक पडणार नाही.

पत्राला उत्तर पाठवल्यावर आठवड्याने त्या भगिनीचा फोन आला. "आपा, अब्बा मानले," त्या म्हणाल्या. घरात सगळेच त्यांना अब्बा म्हणतात, त्यामुळे आधी आम्हाला कळेना कोण मानले. मिरजेचा अर्ज भरला होता. मुलीने पहिल्या पसंतीला कॉम्प्युटर, दुसऱ्या पसंतीला इलेक्ट्रिकल लिहिले, आणि इलेक्ट्रिकल तिने स्वतःच्या मनाने लिहिले. घरातली पिठाची गिरणी बिघडली की पाना घेऊन तीच बसते म्हणे. आजोबांचा दाखला अजून सापडलेला नाही. ते ज्या शाळेत शिकले तिचे जुने रजिस्टर आता जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या शाळेत ठेवले आहे असे कळले, सोमवारी अब्बा तिकडे जाणार आहेत. आम्ही त्यांना सांगितले, जन्मतारीख आणि दाखल नंबर कागदावर लिहून न्या, नाहीतर कारकून परत पाठवील.