छप्पन्न दिवसांचा उपचार आणि साठ किलोमीटरचा रस्ता

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की मराठवाड्यातील घरांत पहिला प्रश्न येतो तो ‘पिशवी कधी काढायची?’ हा. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार सांगितला, तर नातेवाइकांचे चेहरे उतरतात. आजार हाताबाहेर गेला म्हणूनच आता ‘लाइट’ देणार, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा समज चुकीचा तर आहेच, पण घातकही आहे.

गाठ गर्भाशयमुखाबाहेर पसरू लागली की किरणोपचार आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हाच मुख्य उपचार ठरतो, आणि तो बरे करण्यासाठीच दिला जातो. याचा भक्कम पुरावा मुंबईच्या टाटा रुग्णालयातूनच आला आहे. २००३ ते २०११ या काळात तेथे तिसऱ्या टप्प्यातील ८५० स्त्रियांवर चाचणी झाली. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर सोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. तिसरा टप्पा म्हणजे सर्व संपले असे मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. त्याच रुग्णालयाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ६३३ रुग्ण होत्या. आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा एकत्रित किरणोपचार-केमोथेरपीनंतर आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

घाईघाईने पिशवी काढण्याचे दुष्परिणाम मराठवाड्याला नवे नाहीत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोगाची भीती दाखवून या शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या होत्या. जिला खरोखरच कर्करोग आहे, तिची पिशवी पुरती तपासणी न करता काढली तर पुढचा किरणोपचारही अवघड होतो. बाहेरून द्यावयाच्या किरणांना मर्यादा असते, कारण आतडे आणि मूत्राशय शेजारीच असतात. म्हणून उरलेली मात्रा ब्रॅकीथेरपीने, म्हणजे गर्भाशयात पोकळ नळी बसवून तीतून किरणोत्सारी स्रोत काही मिनिटे गाठीजवळ नेऊन द्यावी लागते. गर्भाशयच काढले असेल, तर ती नळी ठेवायला जागा उरत नाही.

आता प्रश्न दिवसांचा. बाहेरून किरणे आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे. त्यानंतर ब्रॅकीथेरपीच्या काही बैठका. हे सारे आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत पुरे व्हावे, असा जगभरचा दंडक आहे. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अर्धवट सोडलेला किंवा महिनाभर खंड पडलेला किरणोपचार पुन्हा ‘जेथे थांबला तेथून’ सुरू करता येत नाही.

जालना जिल्ह्यातील रुग्णांची नेहमीची वाट छत्रपती संभाजीनगरकडे जाते. तेथील शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले आणि मराठवाड्यातील गरिबांचा मुंबईचा फेरा बराच वाचला, हे मान्य करावे लागेल. जालना शहरापासून हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास; मंठा, परतूरकडून शंभराहून अधिक. दोन-तीन मिनिटांच्या किरणांसाठी रोज एवढे जाणे-येणे, तेही मळमळ, जुलाब आणि अशक्तपणा सोसत! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च भागतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. मात्र सोबत येणाऱ्या नवऱ्याची किंवा मुलाची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजमध्ये बसत नाही. त्यात निदान ऊसतोडीच्या हंगामात झाले, तर कोयता सोडायचा की उपचार, असा पेच उभा राहतो. आधीच उचल घेतलेली असते. अंगावर काढण्याची सवय बाईच्या अंगी बाणवलेली असतेच. ती अशा वेळी कुटुंबाच्या सोयीची ठरते.

यंत्रे वाढली पाहिजेत यात शंका नाही, आणि यंत्रखरेदीच्या घोषणा करणे शासनाला आवडतेही. परंतु रुग्णालयाजवळ पाच-सहा आठवड्यांच्या मुक्कामाची सोय, गैरहजर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी दूरध्वनी आणि गावातील आशा सेविकेला तिची खबर, या गोष्टी यंत्राच्या तुलनेत अगदी स्वस्त आहेत. किती रुग्णांनी उपचार सुरू केला हा आकडा अहवालांत सहज सापडतो. त्यापैकी किती जणींचा उपचार ५६ दिवसांत पूर्ण झाला, हा आकडा प्रत्येक किरणोपचार केंद्राने जिल्हावार आणि तालुकावार दरवर्षी जाहीर करावा. जालन्याच्या लोकप्रतिनिधींनी निदान एवढी मागणी तरी लावून धरायला हरकत नाही.