पोते भरले, तेलाचे काय?

सोलापूर - ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला धान्य साठविण्याची कला नवी नाही. पेवात आणि कणगीत वर्षभर ज्वारी टिकविणाऱ्या पिढ्या येथे होऊन गेल्या. १९७०च्या दशकात राज्यात रुजलेल्या सूर्यफुलालाही तोच न्याय लावला गेला आणि तेथेच गणित चुकले.

ज्वारीच्या दाण्यात तेल नाममात्र, सूर्यफुलात मात्र सुमारे ४० टक्के. तेलात पाणी मुरत नाही. क्विंटलभर बियांत १० किलो पाणी असेल, तर ते तेलाखेरीजच्या ६० किलोंतच सामावते. तेथील प्रमाण १६ टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे ज्वारीला १२ टक्के ओलावा सोसतो, सूर्यफुलाला ९ टक्क्यांपुढे धोका सुरू होतो. ओलसर बी थप्पीच्या मध्यभागी ऊब धरते, बुरशी वाढते, तेलाचे विघटन होऊन त्यातील आम्लता चढते. टरफल फुटलेल्या बियांत हे लवकर घडते. पोते बाहेरून जसेच्या तसे दिसते. खवटपणा घाण्यावर कळतो.

रब्बीचे सूर्यफूल उन्हाळ्याच्या तोंडावर घरात येते. चाळिशी ओलांडणारे एप्रिल-मे पत्र्याखाली काढल्यावर जूनची दमट हवा त्याला गाठते आणि वाळविलेले बी पुन्हा ओल धरते. बियाण्याची कसोटी आणखी कठोर आहे. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी. ओलावा साध्या पिशवीत ९, तर हवाबंद पिशवीत ७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. (नुकत्याच काढलेल्या बियांची कमी उगवण ही बिघाडाची खूण नव्हे, महिना-दीड महिना ते सुप्तावस्थेत असते.)

भाव पडले असता थांबता यावे, यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. सूर्यफुलावर किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा महिन्यांसाठी मिळते. योजना उपयुक्तच, पण सहा महिन्यांत भाव चढला आणि तेल उतरले, तर थांबून काय साधले?

मग शेतकरी माल वाळवून का आणत नाही? १२ टक्के ओलाव्याचा क्विंटल ९ टक्क्यांवर आणला, की वजन सव्वातीन किलोंनी घटते. २०२५-२६ च्या ७,७२१ रुपये हमीभावाने हा अडीचशे रुपयांचा तोटा. कोरड्या आणि ओल्या मालाला एकच दर मिळणार असेल, तर तो पदरचा सोसून पोती वाळविण्याची अपेक्षा शेतकऱ्याकडून करता येणार नाही. वजनकाट्याशेजारी ओलावामापक ठेवून दर त्यावर ठरविण्याचे काम खरेदीदारांचे आणि बाजार समित्यांचे आहे.