राज्यशास्त्राची तालीम

आमच्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. दिवाळीतही तिथले दिवे रात्री उशिरापर्यंत सुरू असतात. शनिवार पेठेत अशा कितीतरी अभ्यासिका आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं तिथे राज्यघटनेची कलमं पाठ करत बसतात. त्यांतल्या एका मुलीने पुणे विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. केलं आहे. तिला मी सहज विचारलं, "कॉलेजात कधी मत दिलंस का गं?" ती म्हणाली, "नाही काका. ज्याचा पहिला नंबर, तो सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी."

या उत्तराने यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरला.

मीही त्याच विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचा विद्यार्थी. मनपावरून बस पकडायची, जयकर ग्रंथालयात वाचायचं आणि वाचलेलं अनिकेत कँटीनमध्ये भांडून तपासायचं, हा आमचा अभ्यासक्रम होता. 1949 साली सुरू झालेल्या या विद्यापीठाने राज्यशास्त्राला पुस्तकाबाहेर काढलं. आमच्या विभागाच्या प्रा. सिरसीकरांनी 1962च्या निवडणुकीत मतदार कसा वागतो, याचा प्रत्यक्ष अभ्यास केला. सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांनी मतदारांच्या सर्वेक्षणांची ती वाट पुढे नेली. राम बापट आणि यशवंत सुमंत यांनी वर्गातला विचार कार्यकर्त्यांच्या शिबिरांपर्यंत पोहोचवला. शास्त्र असं लोकांपर्यंत गेलं. विद्यार्थ्याला मात्र आपण मतपेटीपासून लांब ठेवलं.

1989 हे वर्ष यासाठी लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे थेट निवडणुका थांबल्या आणि 1994च्या विद्यापीठ कायद्याने गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. 2016च्या कायद्यात थेट निवडणूक परत आली. 2019 मध्ये ती घ्यायचं ठरलं, पण पुढे ढकलली गेली; पाठोपाठ कोरोना आला. आज एकवीस वर्षांची मुलगी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकते, सरपंच होऊ शकते. तिच्या वर्गाचा प्रतिनिधी मात्र गुणपत्रिका ठरवते.

खुनाची भीती खरी होती आणि ज्यांच्या घरातलं मूल गेलं, त्यांचं दुःख कुठल्याही युक्तिवादाने हलकं होत नाही. पण कॉलेजातली निवडणूक बंद केल्याने राजकारण बंद झालं नाही. त्याचं शिक्षण गणेश मंडळाच्या मांडवात आणि पक्षांच्या युवक आघाड्यांत गेलं. वर्गणी गोळा करणं, हिशेब देणं, रुसलेल्याला समजावणं हे आमच्या पेठेतली पोरं मंडळात शिकतात, आणि ते शिक्षण मोलाचंच आहे. मात्र परगावाहून आलेल्या मुलीला त्या मांडवात जागा कुठली? ज्याच्यामागे घराणं नाही, पैसा नाही, त्याला उभं राहता येईल अशी जागा महाविद्यालय हीच होती. 1967च्या सुमारास याच पुण्यात युवक क्रांती दल उभं राहिलं, ते विद्यार्थ्यांच्या बळावर.

पेठेत तालमी होत्या, तेव्हा पोराला थेट फडात कोणी उतरवत नसे. आधी लाल माती, जोर-बैठका, वस्तादाची नजर. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायचा, हेही तिथेच शिकायचं. लोकशाहीलाही अशी माती लागते. पडणं सोसेल अशा वयात एकदा निवडणूक हरावी आणि दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या शेजारी बाकावर बसावं. हा धडा कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कायद्यात आहे ती निवडणूक घ्या. खर्चाला मर्यादा घाला, दंडेलीला जबर शिक्षा करा, पण घ्या.

या अंकात जुन्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या आठवणी आहेत आणि आजच्या मुलांचं म्हणणंही आहे. पहिला अंक वरच्या मजल्यावर देणार आहे. पुढच्या दिवाळीत तिथल्या कोणीतरी सांगावं, "काका, यंदा मत दिलं."

— संपादक
शनिवार पेठ, पुणे