हवामानाचा करार आणि मृत्यूचा दाखला

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील एक रात्र मला अद्याप विसरता आलेली नाही. छाणीतील एका वयस्कर रखवालदाराच्या घरून बोलावणे आले. गृहस्थ रक्तदाबाचे माझे जुने रुग्ण. दिवसभर पत्र्याच्या खोपटात पहाऱ्यावर बसलेले. मी पोहोचलो तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती, कातडी कोरडी आणि चटका बसावा इतकी तापलेली होती. ओल्या चादरी, पंखा, सलाईन, सारे झाले; परंतु रुग्णवाहिका दारात येईतो प्राण गेला होता. दाखल्यावर मी लिहिले, 'हृदयक्रिया बंद पडणे, उच्च रक्तदाब.' ज्या उन्हाने त्यांचा बळी घेतला, त्याचा त्या कागदावर उल्लेखही नव्हता.

हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींवर लिहावयास बसलो असता हा दाखला का आठवावा, याचा खुलासा करणे प्राप्त आहे.

1992 साली रिओ येथे झालेल्या करारात एक तत्त्व मान्य झाले. पृथ्वीचे तापमान आवरण्याची जबाबदारी सर्वांची. मात्र प्रत्येकाचा वाटा त्याच्या आजवरच्या करणीनुसार आणि ऐपतीनुसार. विकसनशील देशांची सारी बाजू या एका वाक्यावर उभी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीच्या अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी ठामपणे मांडले होते की गरिबाच्या भातखाचरातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत घालता येणार नाहीत. हिशेब माणशी व्हावा. आजही भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे 2 टन कर्बवायू हवेत जातो, तर अमेरिकन माणसामागे सुमारे 14 टन. छाणीच्या परिसरात राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. शेजारच्या खत कारखान्याचा धूर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. पण त्याच खतावर शेतकऱ्याचे पीक उभे राहते. हा धूर आणि चैनीचा धूर यांत भेद करावा, ही मागणी मला आजही न्याय्य वाटते.

या मागणीच्या पदरात काय पडले? 1997 च्या क्योटो करारात कपातीचे बंधन श्रीमंत देशांवर आले. अमेरिकेने तो कायम केलाच नाही. 2009 साली कोपनहेगनला 2020 पर्यंत वर्षाला 10 हजार कोटी डॉलर देण्याचे वचन मिळाले. ते देणाऱ्यांच्याच हिशेबाने 2022 मध्ये पुरे झाले, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा! 2024 साली बाकू येथे विकसनशील देशांनी वर्षाला 1 लाख 30 हजार कोटी डॉलरची गरज मांडली. 2035 पर्यंत वर्षाला 30 हजार कोटींवर बोळवण झाली, तीही भारताचा जाहीर आक्षेप डावलून. पुढच्याच जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली.

क्योटोतून आपल्या शेजारी मात्र थोडे द्रव्य आले होते, याची आठवण पुष्कळांना नसेल. पंचमहाल जिल्ह्यातील रणजितनगर येथे शीतक वायू बनविताना एचएफसी-23 नावाचा एक निरुपयोगी वायू निघतो. उष्णता अडविण्यात तो कर्बवायूच्या हजारो पट प्रबळ. तो जाळून टाकण्याचा प्रकल्प मार्च 2005 मध्ये क्योटोच्या कार्बन व्यापाराखाली नोंदला गेला. अशा प्रकल्पांपैकी तो अगदी पहिल्या काहींतला. जाळण्याचा खर्च अल्प, पत मात्र अमाप, अशी ओरड पुढे झाली आणि 2013 पासून युरोपने अशा पतीच नाकारल्या. 2016 साली आपल्या सरकारने हा वायू कारखान्यांनी स्वखर्चाने जाळावा असा आदेश दिला, हे योग्यच झाले. परंतु जगाचा पैसा कोठे सहज पोहोचला? जेथे मोजमाप चोख होते तेथे. पत्र्याच्या खोपटापर्यंत तो आला नाही, कारण तेथे कोणी काही मोजलेच नव्हते.

2022 साली शर्म-अल-शेख येथे गरीब देशांनी दीर्घ झगड्यानंतर 'हानी व नुकसान' निधी पदरात पाडून घेतला. पुढील वर्षी दुबईला त्यात सुमारे 70 कोटी डॉलरची आश्वासने जमली. रक्कम क्षुल्लक आहे. पण तत्त्व मोठे आहे. आता प्रश्न असा की, आमची हानी किती, हे आम्ही कशावरून सांगणार?

अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांनी पुढे दाखविले. ही संख्या दाखले चाळून मिळाली नाही. एकूण मृत्यूंतील वाढीवरून ती काढावी लागली. त्यातूनच 2013 चा उष्णता कृती आराखडा सिद्ध झाला व देशभर अनुकरणीय ठरला. म्हणजे मोजणी झाली, तेथे उपायही झाला.

आपल्या दाखल्याच्या नमुन्यात मृत्यूचे तात्कालिक कारण वर, आणि मूळ कारण साखळीच्या शेवटच्या ओळीत लिहावयाचे असते. अतिउष्णतेसाठी रोगवर्गीकरणात स्वतंत्र क्रमांकही आहे. असे असता आपण वरच्या ओळीवरच थांबतो. उष्माघात लिहिला की पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन यांचे लचांड मागे लागेल ही भीती आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. त्या रात्री माझ्याही मनात ती नव्हती असे म्हणवत नाही. शिवाय मी तापमापक लावलाच नव्हता. मग लिहिणार तरी कशाच्या आधारावर?

माझ्या घरी तीन वातानुकूलन यंत्रे आहेत. भारताची माणशी सरासरी 2 टनांवर राहते ती माझ्यामुळे नव्हे, त्या रखवालदारासारख्या कोट्यवधी लोकांमुळे. परदेशी वाटाघाटींत आपण त्यांचा रिकामा वाटा पुढे करतो आणि मृत्यूच्या नोंदीत त्यांना वगळतो. 2007 मध्ये ग्रीनपीस इंडियाने आपण गरिबांच्या आड लपतो असा ठपका ठेवला, तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता तितका येत नाही.

म्हणून आपल्या सभासदांपुढे एक साधी सूचना ठेवतो. मार्च ते जून या काळात शुद्ध हरपलेल्या प्रत्येक रुग्णाचे गुदमार्गाने तापमान घ्यावे, वेळ व कामाचे ठिकाण टिपावे, संसर्गाचा ताप असू शकेल तेथे तसे स्पष्ट लिहावे, आणि खात्री असेल तेथे दाखल्याच्या शेवटच्या ओळीत उष्णतेचे नाव घालावे. न्यायवैद्यक बाबींसंबंधी एखाद्या जाणकारास बोलावून शंका फेडून घ्याव्यात. कार्यकारिणीने हा विषय उन्हाळ्यापूर्वीच्या सभेत घ्यावा, ही विनंती. नोंदवहीचा मसुदा मी तयार करून आणीन.