डब्यावरचा आकडा खरा हवा

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांना विजेचे मोल सांगायला नको. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी कमीजास्त करता येणारा वीजपुरवठा त्यांनी स्वतः जरूर बनवावा. २३० व्होल्टला हात न लावता १२ व्होल्टचा तयार एकदिश ॲडॅप्टर घ्यावा. त्यापुढे 'एलएम ३१७' हा नियंत्रक जोडला, की सव्वा ते सुमारे ९ व्होल्ट मिळतात.

पण डब्यावर '१ अँपिअर' लिहिण्यापूर्वी हिशेब करा. ३ व्होल्टला १ अँपिअर घेतला, तर उपयोगी पडतात ३ वॅट. उरलेल्या ९ व्होल्टचे ९ वॅट नियंत्रकात उष्णता होतात! ती घालवायला ॲल्युमिनियमचा पुरेसा मोठा पत्रा नसेल, तर नियंत्रक तापून प्रवाह आवरता घेईल. मग प्रयोग चुकेल आणि दोष ओहमच्या नियमाला लागेल! म्हणून आधी मोजा, मगच आकडा लिहा.